हात न पाहता दिलेला नकार

सर्जन व्हायचं मनाशी पक्कं केलेल्या मुलामुलींना अमेरिकेत पहिला मोठा नकार मिळतो तो त्यांचे हात कुणी नीट पाहण्याआधीच. विद्यार्थी असताना ती शस्त्रक्रियागृहात उभी राहतात, रिट्रॅक्टर धरतात, सगळं आटोपल्यावर त्वचेचे चार टाके घालतात. शेवटच्या वर्षी दोन-तीन परक्या रुग्णालयांत महिना-महिना राबून आपली ओळख करून देतात. तेवढ्यावर, आणि मुख्यतः कागदांवर, त्यांचा निकाल लागतो. ज्याला जागा मिळत नाही, तो कुठल्या तरी रुग्णालयात सर्जरीचा एक वर्षाचा तात्पुरता इंटर्न होतो आणि हव्या त्या शाखेसाठी पुन्हा अर्ज करतो. वर्षअखेरीला त्याचे हात एका अख्ख्या विभागाने पाहिलेले असतात. तरी नेमक्या याच उमेदवाराकडे निवड समित्या सर्वांत जास्त संशयाने बघतात. अमेरिकेत रेसिडेंटांना सर्जरी शिकवताना ही विसंगती मी अनेक वर्षं जवळून पाहतो आहे. ती अटळ नाही, असं माझं ठाम मत आहे.

इथली पद्धत आधी थोडी उलगडायला हवी. आपल्याकडे नीट-पीजी होते, एक रँक हाती येते आणि समुपदेशनाच्या फेऱ्यांत त्या रँकवर जी शाखा मिळेल ती घ्यायची. नाही पटलं तर 'ड्रॉप' घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. तुम्ही कितव्यांदा बसला आहात याच्याशी त्या परीक्षेला देणंघेणं नसतं, आणि किती गुणांनी हुकलं हेही कळतं. अमेरिकेत 1952 सालापासून देशभरासाठी एकच 'मॅच' होते. सप्टेंबरात अर्ज जातात, हिवाळाभर मुलाखती चालतात, मग उमेदवार आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची यादी देतो आणि रुग्णालयं आपल्या पसंतीच्या उमेदवारांची. संगणक दोन्ही याद्या जुळवतो. या जुळणीमागचा सिद्धांत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 मध्ये मांडला. आल्विन रॉथ यांनी सुधारलेली, उमेदवाराच्या पसंतीला झुकतं माप देणारी पद्धत 1998 पासून वापरात आहे. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं ते याच विषयासाठी. गणितात खोट नाही. पण ज्याला मुलाखतीलाच बोलावलं नाही, त्याचं नाव कुणाच्याच यादीत येत नाही, आणि तिथे उत्तमातलं उत्तम गणितही काही करू शकत नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, उमेदवाराला फक्त जागा मिळाली की नाही एवढंच कळतं. कुठे मिळाली हे कळायला शुक्रवार उजाडावा लागतो. ज्यांना नकार येतो त्यांच्यासाठी मधल्या दिवसांत 'सोप' नावाची प्रक्रिया चालते. रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी मिळते, जास्तीत जास्त 45 ठिकाणी अर्ज करता येतात, गुरुवारी प्रस्तावांच्या फेऱ्या होतात आणि आलेल्या प्रस्तावावर दोन तासांत हो किंवा नाही सांगावं लागतं. पाच किंवा सात वर्षांचा निर्णय दोन तासांत. ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, कान-नाक-घसा यांच्या जागा त्या यादीत जवळपास नसतातच. असतात त्या जनरल सर्जरीच्या 'प्रिलिमिनरी' जागा: एका वर्षाच्या, पुढच्या वर्षाची कसलीही हमी नसलेल्या.

नकार किती जणांना येतो, हे एका आकड्यावरून समजत नाही. 2025 च्या मॅचमध्ये अमेरिकी महाविद्यालयांतून एम.डी. होणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या 93.5 टक्के उमेदवारांना कुठली ना कुठली जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या डॉक्टरांमध्ये हेच प्रमाण 58 टक्के होतं. पहिला आकडा ऐकून वाटतं, मग अडचण कुठे आहे? अडचण शाखेत आहे. ऑर्थोपेडिक्सच्या जागा देशभरात नऊशेच्या आसपास, न्यूरोसर्जरीच्या जेमतेम अडीचशे. तिथे अमेरिकेतच शिकलेल्या, चांगल्या गुणांच्या मुलांतलाही चारातला एक तरी हुकतो. आणि जागा सहजासहजी वाढतही नाहीत, कारण रेसिडेंटांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते आणि 1997 च्या कायद्याने त्या अनुदानित जागांची संख्या आधीच्या वर्षीच्या पातळीवर गोठवली. 2020 च्या अखेरीस एक हजार नव्या जागा मंजूर झाल्या, त्याही वर्षाला दोनशे अशा हप्त्यांनी आणि सगळ्या शाखा मिळून. दरवर्षी मार्चमध्ये रडणारी मुलं आळशी किंवा मठ्ठ असतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

सर्जरीत गाळणी नवी नाही. विल्यम हॉलस्टेड यांनी 1889 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रेसिडेन्सीची जी रीत घालून दिली ती पिरॅमिडची होती. खाली बरेच जण घ्यायचे, दरवर्षी काही कमी करत जायचं आणि शेवटी एकच जण मुख्य रेसिडेंट व्हायचा. किती वर्षं लागतील तेही ठरलेलं नसे. माणसं पिळून काढणारी रीत होती ती, आणि ती गेली हे चांगलंच झालं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये एडवर्ड चर्चिल यांनी तिच्या जागी दुसरा विचार मांडला: जितके आत घ्याल त्यातल्या बहुतेकांना शेवटपर्यंत शिकवा. आजची पाच वर्षांची रेसिडेन्सी त्या विचारातून आली. पण गाळणी नाहीशी झाली नाही, ती आतून उठून दारात आली. हॉलस्टेडच्या काळात माणूस बाद व्हायचा तो निदान वर्षानुवर्षं त्याचं काम बघून. आज तो काम बघण्याआधी बाद होतो. आणि प्रिलिमिनरी जागा हा त्या जुन्या पिरॅमिडचा उरलेला पाया आहे. माणसं लागतात म्हणून घ्यायची, पुढे काय ते त्यांचं त्यांनी बघायचं.

प्रिलिमिनरी रेसिडेंटचं वर्ष कसं जातं ते सांगतो. पहाटे साडेचारला तो वॉर्डात असतो. रात्रभरात कुणाला ताप आला, कुणाच्या ड्रेनमध्ये काय रंगाचं पाणी आलं, कुणाला लघवी झाली नाही, हे सगळं सहाच्या राउंडआधी त्याच्या हातातल्या घडी घातलेल्या कागदावर उतरलेलं असतं. दिवसभर पेजर वाजत राहतो. डिस्चार्जचे कागद, नाकातली नळी, जखमेचं ड्रेसिंग, नातेवाइकांचे प्रश्न. शस्त्रक्रियागृहात जायची संधी आली तर आधी कायमच्या जागेवरचा इंटर्न जातो, कारण त्याच्या शस्त्रक्रियांची नोंद पुढे मोजली जाणार असते. आठवड्याला 80 तासांची मर्यादा 2003 पासून सगळ्या देशात आहे, पण त्या तासांतलं कुठलं काम कुणाच्या वाट्याला यावं, यावर मर्यादा नाही.

आमच्याकडे एका वर्षी अशीच एक मुलगी होती. ऑर्थोपेडिक्समध्ये जागा मिळाली नव्हती, म्हणून आली होती. जानेवारीतल्या एका रात्री, मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या एका रुग्णाची नाडी चौथ्या दिवशी 118 वर गेली. ताप नाही, रक्तदाब ठीक. दुखत असेल म्हणून वेदनाशामक वाढवा, असं फोनवर सांगितलं गेलं. तिने तसं केलं, पण वीस मिनिटांनी पुन्हा गेली, पोटावर हात ठेवला, रुग्णाचा चेहरा पाहिला आणि वरिष्ठ रेसिडेंटला झोपेतून उठवून खाली बोलावलं. आतड्याचा जोड गळत होता. पहाटे रुग्ण पुन्हा टेबलावर होता आणि म्हणून तो वाचला. नाडी वाढलेली दिसते सगळ्यांना. परत जाऊन पोटावर हात ठेवणारा इंटर्न दुर्मीळ असतो. सर्जन म्हणून माणसात जे असावं लागतं त्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही. ही गोष्ट तिच्या अर्जात नव्हती. असूच शकत नव्हती. अर्ज सप्टेंबरात गेला होता.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. प्रिलिमिनरी रेसिडेंट कामाला लागतो 1 जुलैच्या सुमारास. अर्ज जातात सप्टेंबरच्या अखेरीस. म्हणजे शिफारसपत्र लिहिणाऱ्या सर्जनने त्याला जेमतेम दहा-अकरा आठवडे पाहिलेलं असतं, तेही तो अजून जिने आणि पासवर्ड शिकत असताना. पत्रात मग 'मेहनती आहे, वागायला चांगला आहे' अशी वाक्यं येतात, जी सगळ्यांच्याच पत्रांत असतात. ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, आणि त्याच महिन्यांत त्याच्या नावापुढे आयसीयूच्या ड्युट्या. विद्यार्थी उमेदवाराला मुलाखतीसाठी मोकळा वेळ असतो. या रेसिडेंटला मात्र एकेका मुलाखतीसाठी कुणाची तरी रात्र आपल्या अंगावर घ्यावी लागते. ज्या वर्षाच्या जोरावर तो पुन्हा उभा राहणार, ते वर्षच निवड समितीसमोर पोचत नाही. पोचतं ते एवढंच, की याला गेल्या खेपेस कुणी घेतलं नव्हतं.

याचा उपाय नव्याने शोधायची गरज नाही. रेसिडेन्सी कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार प्रत्येक रेसिडेंटचं 'माइलस्टोन्स' नावाचं मूल्यमापन दर सहा महिन्यांनी होतं. पहिलं वर्षाच्या मध्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. विभागातले चार-पाच जण बसतात आणि रुग्णाची काळजी, हातांचं कौशल्य, निर्णय, वागणूक यांवर टप्पे ठरवतात. हा कागद प्रिलिमिनरी रेसिडेंटचाही होतो. रुग्णालयांनी आपल्या पसंतीच्या याद्या पक्क्या करायची मुदत असते फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी. उमेदवाराच्या संमतीने तो कागद आणि एका वरिष्ठ सर्जनचं ताजं पत्र जानेवारीत जिथे अर्ज केला आहे तिथे जावं, आणि समित्यांनी आधी एका वर्षाचं काम केलेल्या उमेदवारांसाठी दोन-तीन मुलाखती जानेवारीपर्यंत राखून ठेवाव्यात. एवढं केलं तरी खूप बदलेल. त्यासाठी नवा कायदा नको, पैसा नको.

यावर निवड समित्यांत बसणारे माझे सहकारी जे म्हणतात ते मी हलकं मानत नाही. ते म्हणतात, आमच्याकडे वर्षाला पाच जागा आणि सातशे-आठशे अर्ज. शंभर जणांनी ज्याला वगळलं, त्याला घेऊन आम्ही जोखीम का पत्करावी? आणि त्याला घेतलं तर यंदाचा एखादा ताजा विद्यार्थी बाहेर राहील, त्याचं काय? दुसरा मुद्दा खरा आहे. जागा तेवढ्याच राहतात, आणि एकाला न्याय म्हणजे दुसऱ्याला नकार. पण मी दया मागत नाही. ज्याचं काम पाहिलं आहे त्याला कामावरून जोखा आणि ज्याचं पाहिलेलं नाही त्याला कागदावरून, एवढंच म्हणतो. त्यात तो कमी पडला तर खुशाल नाकारा. पहिल्या मुद्द्यात मात्र मला मोठी गफलत दिसते. शंभर जणांनी वगळलं हा शंभर जणांचा स्वतंत्र निर्णय नसतो. एकच चाळणी सगळीकडे लावलेली असते: 'स्टेप' या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या परवाना परीक्षेचे गुण, महाविद्यालयाचं नाव, शोधनिबंधांची संख्या. तीच चाळणी शंभर वेळा लावली म्हणून ती शंभरपट खरी होत नाही.

या चाळणीचं काय झालं आहे तेही बघा. 2022 च्या जानेवारीपासून स्टेप वनचे गुण देणं बंद झालं, फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण उरलं. हेतू चांगला होता. पण स्पर्धा तिथून उठून दुसरीकडे बसली. मॅचच्या आकडेवारीत न्यूरोसर्जरीत जागा मिळालेल्या अमेरिकी एम.डी. उमेदवारांची शोधनिबंध, गोषवारे आणि सादरीकरणं मिळून सरासरी 2022 मध्ये पंचविसाच्या आसपास होती, 2024 मध्ये ती 37 च्या पुढे गेली. पदवीही न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या नावावर 37 संशोधनं! याला मी संशोधन म्हणायला तयार नाही. नकार मिळालेल्या मुलाला मग सल्ला दिला जातो, एक वर्ष 'रिसर्च इयर' कर. दोन लाख डॉलरच्या घरात शैक्षणिक कर्ज असलेला मुलगा तुटपुंज्या पगारावर, कधी पगाराशिवायही, वर्षभर जुन्या केसपेपरांतून आकडे काढत बसतो. त्यातून त्याला खरोखर मिळतं काय? एक मार्गदर्शक, जो चार ठिकाणी फोन करेल. पुन्हा अर्ज करून ज्यांना जागा मिळते त्यांच्या मागे बहुतेक वेळा असा फोन असतो. मग गुणवत्तेच्या नावाने जे चालतं ते बऱ्याच अंशी ओळखीवर चालतं, आणि ज्याच्या महाविद्यालयात न्यूरोसर्जरीचा विभागच नाही त्याला तो फोन करणार कोण?

भारतातून येणाऱ्या डॉक्टरांसाठी हीच वाट आणखी लांब होते. पुण्या-मुंबईच्या नामांकित सरकारी महाविद्यालयांतून शिकलेली, काही तर एम.एस. होऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्यांनी तिकडे सिव्हिल हॉस्पिटलात रात्री-अपरात्री फुटलेली अपेंडिक्स एकट्याने काढली, ती इथे इंटर्न म्हणून रिट्रॅक्टर धरतात. त्याआधी कुठल्या तरी प्रयोगशाळेत, व्हिसाची मुदत मोजत, दोन-तीन वर्षं गेलेली असतात. घरून फोन येतो, 'अजून किती?' त्या प्रश्नात काळजी असते, पण मुलाला त्यात हिशेब ऐकू येतो. आईवडिलांना माझी विनंती आहे, की तो प्रश्न विचारूच नका असं नाही, पण एकदा सविस्तर विचारा, उत्तर नीट ऐकून घ्या, आणि मग दर रविवारी पुन्हा विचारू नका. नातेवाइकांना 'तिकडे अजून रिसर्च चालू आहे' असं गोलमोल सांगण्याचीही गरज नाही. मॅच झाली नाही, पुन्हा अर्ज करतो आहे, हे सरळ वाक्य आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुन्हा अर्ज सगळ्यांनीच करावा असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्याकडे कुणी सल्ल्याला आलं तर मी आधी एकच विचारतो: मुलाखती किती आल्या? ऑर्थोपेडिक्समध्ये ज्यांना जागा मिळते त्यांच्या यादीत सरासरी डझनभर रुग्णालयं असतात. दहा मुलाखती होऊनही ज्याचं जुळलं नाही, तो अगदी थोडक्यात हुकलेला असतो. त्याने नक्की पुन्हा उभं राहावं. एक-दोनच आल्या असतील तर अडचण कागदात आहे. उत्तीर्ण झालेली स्टेप परीक्षा पुन्हा देता येत नाही, म्हणजे तो भाग कायमचा तसाच राहणार. मग बदलणार काय, याचं ठोस उत्तर हवं. नवं पत्र कोण देणार? फोन कोण करणार? अर्जासोबत ठरावीक रुग्णालयांना 'तुम्ही मला विशेष हवे आहात' असा जो संकेत देता येतो, ऑर्थोपेडिक्समध्ये असे तीस, ते कुणाला द्यायचे? याची उत्तरं नसतील तर तोच अर्ज आणखी जाडजूड करून पाठवण्यात अर्थ नाही. पदवी जुनी झालेल्या अमेरिकी एम.डी. उमेदवारांत कुठल्याही शाखेत जागा मिळण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं, आणि स्पर्धेच्या शाखांत त्याहून खाली. दुसऱ्या नकारानंतर मी तरी थांबायला सांगतो.

थांबायचं म्हणजे सर्जरी सोडायची असं मात्र नाही. प्लास्टिक सर्जरी, रक्तवाहिन्यांची सर्जरी, छातीची सर्जरी या शाखांचं दार जनरल सर्जरीची पाच वर्षं करून नंतरही उघडतं. ऑर्थोपेडिक्स आणि न्यूरोसर्जरीला ती सोय नाही. तिथे मग स्वतःला विचारावं लागतं, की मला हाडंच हवी आहेत की मला शस्त्रक्रिया करायची आहे? जनरल सर्जरीला सांत्वनाचं बक्षीस समजून आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पित्ताशय काढल्यावर ती मागचं सगळं विसरलेलीही पाहिली आहेत. सगळीच विसरली असं नाही. काहींच्या मनात ती सल राहते, आणि त्यांना 'झालं ते बऱ्यासाठी' असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

वर सांगितलेल्या मुलीला दुसऱ्या वर्षीही ऑर्थोपेडिक्स मिळालं नाही. तिच्याविषयी जे पत्र जानेवारीत जायला हवं होतं ते कुणी पाठवलं नाही, कारण तशी रीत नव्हती. रीत पाडायला हवी होती. विभागाने तिचं वर्ष घेतलं, रात्री घेतल्या, तिच्यामुळे एक माणूस घरी चालत गेला. ज्या रुग्णालयाने कुणाचं वर्षभराचं काम घेतलं त्याच्यावर त्या माणसाबद्दल खरं काय ते, वेळेत आणि लेखी सांगण्याची जबाबदारी येते. ते चांगलं असेल तर जगाला सांगावं, वाईट असेल तर निदान त्याला स्वतःला सांगावं, म्हणजे तो आणखी एक वर्ष अंधारात घालवणार नाही.

अमेरिकेत शिकवणाऱ्या मराठी सर्जनांची संख्या आता लहान नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतः प्रिलिमिनरी वर्षं काढली आहेत. त्यांना माझं सांगणं आहे: तुमच्या विभागात या जुलैत आलेल्या प्रिलिमिनरी रेसिडेंटांना ऑगस्टमध्येच बोलावून विचारा, पुढे काय करणार आहात? मुलाखतींच्या दिवशी त्यांच्या ड्युट्या बदलून द्या. डिसेंबरचं मूल्यमापन त्यांच्यासमोर बसून वाचा. आणि ज्याचं काम तुम्हाला पटलं आहे त्याच्यासाठी जानेवारीत, कुणी मागण्याची वाट न पाहता, दुसरं पत्र लिहा.